डोनटचं पीठ आणि नागपूरचा उन्हाळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे. तिला हाताशी घेऊन घरी डोनट करायचे आहेत. ओव्हन नाही. प्रमाण सांगाल का? तिला कोणती कामं द्यावीत? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : ओव्हन लागतच नाही, डोनट कढईतच होतात. आठ-नऊ नगांसाठी मैदा २५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट चहाचा एक सपाट चमचा, साखर दोन मोठे चमचे, मीठ अर्धा लहान चमचा, दूध १५० मिली, मऊ लोणी ३० ग्रॅम. मैदा चाळणं, मापून ठेवलेलं ओतणं, पिठाला बुक्क्या मारणं ही कामं तिची. पीठ सुरुवातीला हाताला चिकटतं. तेव्हा वरून मैदा घालू नका, नाहीतर डोनट पावासारखे कोरडे होतात. आठ-दहा मिनिटं मळलं की आपोआप सुटतं. कच्चं पीठ मात्र तिला चाखू देऊ नका.

दुप्पट फुगल्यावर सव्वा सेंटीमीटर जाड लाटा. स्टीलच्या ग्लासने गोल आणि बाटलीच्या झाकणाने मधलं भोक तिलाच पाडू द्या. मुलं ग्लास दाबून गोल फिरवतात. त्याने कड दाबली जाते आणि डोनट एका बाजूनेच फुगतो. सरळ दाबायचं, सरळ उचलायचं. प्रत्येक डोनट बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यावर ठेवा. नंतर कागदासकट अलगद तेलात सोडता येतो, आकार ओढला जात नाही. कागद सुटला की चिमट्याने काढून घ्या.

तळण मोठ्यांनीच करायचं. कढई गॅसवर असेपर्यंत, आणि तेल निवेपर्यंतही, मूल ओट्याजवळ नको.

प्रश्न : मे महिन्यात केलेले डोनट चपटे आणि तेलकट झाले, आंबूस वासही आला. कृतीत लिहिल्याप्रमाणे तासभर पीठ झाकून ठेवलं होतं. (नंदनवन, नागपूर)

उत्तर : तो तासच नडला. बाहेर ४४ अंश असताना आपल्या स्वयंपाकघरात पीठ अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतं. त्यापुढे यीस्ट फुगवतच राहतं, पिठाची जाळी ताणून कमजोर होते, कढईत पडताच डोनट बसतो आणि तेल पितो. वासही त्यामुळेच. उन्हाळ्यात पीठ सकाळी मळा, दूध फ्रिजमधलं थंड घ्या आणि घड्याळाऐवजी पिठाकडे बघा.

कापलेले डोनट दुसऱ्यांदा फुगतात तेव्हा कडेला बोटाने हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. सावकाश, अर्धवट भरला तर तळायला घ्या. तसाच राहिला तर वेळ टळली. ही तपासणी मुलीला शिकवा, तिचं बोट यासाठी अगदी योग्य आहे. सगळे एकदम तळून होणार नसतील तर अर्धे झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

जानेवारीत उलटं. पीठ दीड-दोन तास हलत नाही. तेव्हा बंद मायक्रोवेव्हमध्ये उकळत्या पाण्याच्या वाटीशेजारी भांडं ठेवा, मायक्रोवेव्ह सुरू करू नका. दूध कोमट हवं, बोट आरामात बुडवता येईल इतकंच. कढत दुधात यीस्ट मरतं.

तेलकटपणाचं दुसरं कारण थंड तेल. १७० ते १८० अंश हवं. थर्मामीटर नसेल तर भोकातून निघालेली गोळी आधी सोडा. ती लगेच वर येऊन मिनिटभरात सोनेरी झाली तर तेल बरोबर. वर येताच काळपट पडली तर आच कमी करा, नाहीतर आत कच्चं राहील. एका वेळी दोन-तीनच सोडा. प्रत्येक बाजू मिनिटभर. कडेने फिकट पट्टा उमटला की नीट फुगला समजा.

प्रश्न : तळण नको, यीस्टही नको. काही पर्याय? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : अप्पेपात्र. मैदा १२५ ग्रॅम, पिठीसाखर पाव वाटी, दही अर्धी वाटी, पातळ तूप दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर पाऊण लहान चमचा, सोडा पाव चमचा आणि लागेल तसं दूध. इडलीच्या पिठाइतकं सैल ठेवा आणि लगेच वापरा, ठेवलं तर सोड्याचा जोर ओसरतो. खळगे पाऊण भरा, झाकून मंद आचेवर तीन-चार मिनिटं, उलटून दोन. चव केककडे झुकते, यीस्टच्या डोनटचा चिवट मऊपणा येत नाही. तरी लहान मुलांसाठी आम्ही सुरुवात यानेच करायला सांगू.

प्रश्न : वरचं चॉकलेट घट्ट होत नाही. (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : उन्हाळ्यात पंख्याखाली होणारच नाही, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. वितळवताना पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेट रवाळ होऊन गोळा बनतं, भांडं कोरडं असू द्या. संत्री बाजारात असतील तर १०० ग्रॅम पिठीसाखरेत चार-पाच लहान चमचे रस आणि सालीचा थोडा कीस घाला. कीस फक्त केशरी भागाचा, पांढरा भाग कडू लागतो. डोनट कोमट असतानाच बुडवा आणि त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये ते कडक होतात.