मदर-३२ च्या सीव्हीवर एमएस-२० मिनी बेसूर का होतो आणि त्यावर काय करायचं

तुमच्या तीन सिंथेसायझरांची (मूगचे मदर-३२ आणि डीफॅम, कॉर्गचा एमएस-२० मिनी) जोडणी अशी दिसते: मदर-३२ चा केबी आउट (सूर ठरवणारं कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे सीव्ही) एमएस-२० मिनीच्या व्हीसीओ (सूर निर्माण करणारा ऑसिलेटर) सीव्ही इनला, गेट आउट (नोट सुरू-बंद करणारं व्होल्टेज) ट्रिग इनला आणि असाइन आउट डीफॅमच्या क्लॉक इनला. तक्रारी तीन. एमएस-२० ची नोट थांबतच नाही, वर जावं तसे स्वर एकमेकांच्या अंगावर येतात आणि डीफॅमचा पॅटर्न मनाला येईल तेव्हाच एक स्टेप पुढे सरकतो. कुठलंही यंत्र बिघडलेलं नाही, दुरुस्तीला नेऊ नका.

आधी स्वरांचं बघू. मदर-३२ दर ऑक्टेव्हला १ व्होल्ट वाढवतो, म्हणजे एका सेमीटोनला ८३.३ मिलिव्होल्ट. एमएस-२० (१९७८ चा मूळ असो की मिनी) हर्ट्झ-पर-व्होल्टवर चालतो. तिथे ऑक्टेव्ह हवा तर व्होल्टेज दुप्पट लागतं: १, २, ४, ८. हे कानाने पडताळता येतं. १ वरून २ व्होल्टला गेलात की सा ते तार सा बरोबर मिळेल. २ वरून ३ ला मात्र ऑक्टेव्हऐवजी सा ते प मिळेल आणि ३ वरून ४ ला प ते तार सा. पहिला ऑक्टेव्ह दोन्ही टोकांना जुळतो म्हणून माणूस फसतो; मधले स्वर तिथेही चुकलेलेच असतात. १ व्होल्टपाशी ८३.३ मिलिव्होल्टची पायरी सुमारे १३९ सेंटची (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन) पडते, ४ व्होल्टपाशी जेमतेम ३६ सेंटची. ट्यूनिंगचा नॉब कितीही फिरवला तरी हे सुटणार नाही.

अडकलेली नोट हा वेगळा मामला. मदर-३२ चा गेट एरवी ० व्होल्टवर असतो आणि नोट वाजताना ५ व्होल्टवर जातो (व्ही-ट्रिग). एमएस-२० ला एस-ट्रिग हवा, म्हणजे ट्रिग इन ग्राउंडला टेकला की नोट सुरू. तुमचा गेट स्वस्थ असताना तो पिन ० वरच धरून ठेवतो, म्हणून नोट चालू राहते आणि गेट आला की उलट थांबते.

यावरचा उपाय चहाच्या खर्चात होतो. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक १० किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-नारिंगी), एक १एन४१४८ डायोड आणि ३.५ मिमीची दोन मोनो सॉकेटं आणा. स्टिरिओ सॉकेट गळ्यात पडलं तर त्याची रिंग मोकळी सोडा. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. गेटच्या सॉकेटची टिप रेझिस्टरमधून बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर एमएस-२० कडे जाणाऱ्या सॉकेटच्या टिपला. डायोडची पट्टीची बाजू बेसला आणि दुसरी ग्राउंडला. चुकून उणे व्होल्टेज आलं तर ट्रान्झिस्टर वाचतो. दोन्ही सॉकेटांच्या स्लीव्ह एकत्र जोडा. वेगळा पॉवर सप्लाय लागत नाही. जोडल्यावर काहीच वाजलं नाही तर आधी कलेक्टर-एमिटर उलटे लागलेत का ते बघा.

पिचला इतका स्वस्त इलाज नाही. तात्पुरतं म्हणून केबी आउट सीव्ही इनमधून काढून एमएस-२० च्या टोटल इनला लावा, दोन्ही फिल्टरांचे एमजी/टी.एक्स्ट नॉब शून्यावर आणा आणि व्हीसीओचा तोच नॉब हळूहळू उघडा. हा मार्ग एक्स्पोनेन्शियल आहे, म्हणजे इथे दर ऑक्टेव्हला सारखंच व्होल्टेज लागतं. खालचा सी आणि त्याच्या वरचा सी आलटून पालटून वाजवत नॉब असा ठेवा की नेमका ऑक्टेव्ह पडेल. नॉब हलला की मूळ सूरही सरकतो, म्हणून दर वेळी मास्टर ट्यून पुन्हा लावावा लागतो. दीड-दोन ऑक्टेव्हची बास लाइन निभावते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

कायमचं काही हवं असेल तर माझं मत सरळ आहे: मास्टर, म्हणजे बाकीच्यांना चालवणारं यंत्र, बदला. आर्टुरिया कीस्टेपचा सीव्ही आउट हर्ट्झ-पर-व्होल्टवर आणि गेट एस-ट्रिगवर लावून एमएस-२० ला द्या आणि मदर-३२ ला मिडीने (नोटा डिजिटल संदेशांनी पाठवणारी जोडणी) चालवा. उलट दिशेने जमणार नाही, मदर-३२ ला फक्त मिडी इन आहे. कॉर्ग एसक्यू-१ सुद्धा हर्ट्झ-पर-व्होल्ट आणि एस-ट्रिग देतो.

डीफॅमचं कारण सोपं आहे. असाइन आउटवर मुळात ॲक्सेंट (ठळक वाजवायच्या स्टेपचा पल्स) येतो, म्हणून फक्त ॲक्सेंट असलेल्या स्टेपला डीफॅम पुढे सरकतो. मदर-३२ च्या सेटअप मोडमध्ये जाऊन तिथे क्लॉक निवडा. एका पल्सला एक स्टेप असा हिशेब आहे. निम्म्या वेगात हवा असेल तर क्लॉक/२ घ्या. डीफॅमला रिसेट इन नाही, त्यामुळे एकदा पुढेमागे सुरू झाला की तसाच चालत राहतो. दोन्ही थांबवा, ॲडव्हान्स बटणाने डीफॅम ८ व्या स्टेपवर आणा, मग मदर-३२ सुरू करा. पहिला पल्स १ वर पडेल. मदर-३२ वर ७ किंवा १२ स्टेपचा पॅटर्न असेल तर दोघांचे १ दर फेरीला जुळणार नाहीत. ऐकायला ते छान लागतं, पण बिघाड समजू नका.

पुढे केबी आउट डीफॅमच्या व्हीसीओ १ आणि व्हीसीओ २ या दोन्ही सीव्ही इनला द्यावासा वाटेल. तेव्हा साधी वाय-केबल टाळा, आधी मदर-३२ वरचा मल्ट (एक सिग्नल दोन ठिकाणी वाटणारी सोय) वापरा. समजा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) १ किलोओहम आणि इनपुट १०० किलोओहम: एकाच इनपुटला साधारण १ टक्का व्होल्टेज पडतं, म्हणजे दर ऑक्टेव्हला १२ सेंट कमी. दोन इनपुट जोडले की २४. गेटला आणि क्लॉकला ही चिंता नाही, तिथे वाय-केबल चालते.

व्होल्टेज मोजताना मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवू नका. साध्या मीटरमध्ये तिथे १० मिलिव्होल्टपेक्षा बारीक दिसत नाही, म्हणजे १२ सेंट. २ व्होल्टच्या रेंजवर १ मिलिव्होल्ट दिसतो, पण मीटरची स्वतःची चूकही धरावी लागते. शेवटची जुळणी ट्यूनरवरच करा, आणि तीही यंत्रं अर्धा तास तापल्यावर. एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरला तापमानाची भरपाई नसेल तर एका अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक पडतो, दर ऑक्टेव्हला ४ सेंट. एप्रिलच्या दुपारी पंखा थेट सिंथवर सोडून ट्यून केलंत तर रात्री पुन्हा करावं लागेल.

लॅपटॉपची यूएसबी या साखळीत जोडल्यावर गुणगुण सुरू झाली किंवा सगळा सूर थोडा सरकला तर संशय ग्राउंड लूपवर घ्या: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. पेठांतल्या जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असूनही मागे अर्थिंगची तार नसते, ते वायरमनकडून आधी तपासून घ्या. सगळे अडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवा.