केनियातल्या शाळेला मदत करायचीय? आधी कोठाराची वही मागा

तुम्ही विचारलंय की काकांच्या ट्रस्टला केनियात नाकुरूकडच्या एका सरकारी हायस्कूलला मदत करायची आहे, तर कॉम्प्युटर लॅब द्यावी की दोन वर्ग बांधून द्यावेत. मी तिकडे अकरा वर्षं काढली, त्यातली चार एका डे स्कूलच्या बोर्डावर, म्हणजे शाळा चालवणाऱ्या समितीवर, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. माझं मत विचाराल तर सध्या दोन्ही नको.

तिकडच्या सरकारी शाळेचं खरं दुखणं म्हणजे पैसे कधी येतात. कागदावर हिशोब झकास आहे, डे सेकंडरीतल्या दर मुलामागे सरकार वर्षाला 22,244 शिलिंग देणार, ते तीन टर्मला 50, 30 आणि 20 टक्के असे सोडणार. आता टर्म जानेवारीत सुरू होते आणि पैसे येतात त्यांच्या सवडीने, तेही तुकड्यातुकड्यात. तोवर लाईट बिल, खडू, प्रयोगशाळेचं सामान कशातून भागवायचं? तर पालकांनी दुपारच्या जेवणासाठी भरलेल्या पैशातून. मग जेवणाचा पैसा आटतो आणि धान्यवाल्याची उधारी चढते.

आमच्या शाळेच्या बर्सरबाई, म्हणजे पैशाचा हिशोब सांभाळणाऱ्या बाई, एकदा फेब्रुवारीत मला हाताला धरून कोठारात घेऊन गेल्या. मक्याची 90 किलोवाली तीन पोती आणि राजमा दीड पोतं, एवढाच माल, आणि वर खिळ्याला अडकवलेली वही, तिच्यात उधारीची अडीच पानं. दुपारी मुलांना गिथेरी असते, मका आणि राजमा एकत्र उकडून. काही पालक तर फी म्हणून मकाच आणून टाकायचे, नाहीतर जळणाची लाकडं. मुख्याध्यापक फोन वाजला की आधी नंबर बघायचे, धान्यवाला असला तर उचलायचे नाहीत, आणि ह्याच माणसाने गणिताचा निकाल वर काढावा अशी आम्हा बोर्डवाल्यांची अपेक्षा!

शिक्षकांचंही असंच. कायम शिक्षक टीएससी, म्हणजे तिथला शिक्षक सेवा आयोग, नेमतो आणि पगारही तोच देतो, पण ते पुरत नाहीत, त्यात 2018 पासून आठवी झालेलं प्रत्येक मूल हायस्कूलला गेलंच पाहिजे असं धोरण आलं, मुलं वाढली आणि शिक्षक काही त्या मानाने वाढले नाहीत. मग शाळेचं बोर्ड स्वतःच्या खिशातून पोरंपोरी नेमतं, त्यांना बीओएम टीचर म्हणतात. पगार किरकोळ, तोही थकलेला. आमची फिजिक्सची मुलगी भर टर्ममध्ये सोडून गेली, तीन महिन्यांचे पैसे राहिले होते तिचे, तिला कुठल्या तोंडाने थांब म्हणणार.

लॅबचं सांगतो. शेजारच्या एका शाळेला परदेशी पाहुण्यांनी पंचवीस कॉम्प्युटर दिले, फीत कापली, फोटो झाले. दुसऱ्या वर्षी कुलूप. बिल परवडेना आणि सांभाळायला माणूस नाही.

आणि एक सांगतो, तुम्हाला विषयांतर वाटेल, पण एक ठिकाण दुरुस्त केलं की पाणी भलतीकडेच कसं फुटतं हे त्यातून कळेल. 2016 मध्ये शिक्षणमंत्री मतिआंगी यांनी बारावीच्या परीक्षेतली पेपरफुटी बंद करायची असं मनावर घेतलं. परीक्षा मंडळ बरखास्त, पेपर कुलुपबंद लोखंडी कंटेनरमध्ये, मुख्याध्यापकांनी सकाळी स्वतः जाऊन आणायचे. 2015 ला ए ग्रेड मिळालेली मुलं 2,685 होती, 2016 ला 141! काम चोखच झालं, त्यात वाद नाही. पण सरकारी विद्यापीठं तोवर जगत होती ती पूर्ण फी भरणाऱ्या पॅरलल कोर्सच्या मुलांवर, नैरोबी विद्यापीठाने 1998 पासून हा धंदा जोरात चालवला होता. आता विद्यापीठाला लागणारा सी प्लस मिळवणारेच कमी झाले, ते सगळे सरकारी कोट्यात मावले, आणि पॅरललचा झरा आटला. पगार, पेन्शनचे हप्ते, सगळं थकायला लागलं, प्राध्यापकांचे संप झाले. फीचा हिशोब 2023 मध्ये परत नव्याने मांडला, स्कॉलरशिप आणि कर्ज अशी फोड करून, तर ते कोर्टात गेलं.

बोलताना एक सांभाळा. तिकडे जाऊन 'आम्ही शाळेचे स्पॉन्सर होऊ' असं चुकूनही म्हणू नका. तिथे स्पॉन्सर म्हणजे बहुतेक वेळा शाळा काढणारं चर्च, बोर्डावर त्यांची माणसं असतात आणि मुख्याध्यापक कोण यावरही त्यांचं बारीक लक्ष असतं. मी पहिल्याच मीटिंगला हे बोललो आणि फादर जे गप्प झाले ते चहा येईपर्यंत. मित्र म्हणा, पाहुणे म्हणा.

मग द्यायचं काय? मी असतो तर मका दिला असता. हसू नका. नाकुरू ज्यात येतं त्या रिफ्ट व्हॅलीत मक्याची काढणी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा भाव पडलेला असतो, आणि मे ते जुलै अगदी चढलेला. ट्रस्टने डिसेंबरात शाळेच्या नावाने वर्षाचा मका-राजमा भरून द्यावा, पालकांचा जेवणाचा पैसा जसजसा येईल तसा तो वेगळ्या खात्यात साठवायचा, त्यातून पुढच्या डिसेंबरची खरेदी आणि बीओएम शिक्षकांचे पगार. पैसे एकदाच घालायचे, ते फिरत राहतात. माल मात्र खडखडीत वाळलेला पाहिजे, ओलावा 13.5 टक्क्यांच्या आत, आणि हवाबंद पिशव्यांत. ह्यात हयगय नको, 2004 मध्ये त्याच देशात बुरशी लागलेल्या मक्याने 125 माणसं गेली होती. खात्यावर सही बर्सर, मुख्याध्यापक आणि पालकांमधला एक अशी तिघांची ठेवा, एकट्या मुख्याध्यापकाच्या गळ्यात घालू नका, त्याची कधी बदली होईल सांगता येत नाही.

काकांना म्हणावं उद्घाटनाच्या हंगामात जाऊ नका. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जा, न कळवता, साधारण साडेबाराला, आणि चहा नको म्हणून कोठाराची वही मागा.