अमेरिकन फ्रंटियर कादंबऱ्यांत (पश्चिमेच्या माळरानावर नव्याने वसायला गेलेल्यांच्या गोष्टींत) बायकांचं निसर्गाशी नातं पुरुषांपेक्षा वेगळं का दिसतं?

वेगळं दिसतं हे खरं, पण बाई मुळातच निसर्गाच्या जवळची असते म्हणून नव्हे. या कादंबऱ्या वाचताना मी आधी दोन गोष्टी बघते: इथे यायचं कोणी ठरवलं आणि जमीन कोणाच्या नावावर आहे. त्या माळाशी बाईचं जमणार की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

रोल्वाग यांची ‘जायंट्स इन द अर्थ’ घ्या. मूळ नॉर्वेजियन, इंग्रजीत आली १९२७ मध्ये. अमेरिकेतल्या डाकोटाचा उघडा माळ बघून नॉर्वेहून आलेल्या पेर हान्साला उभी पिकं दिसू लागतात, कामाला दिवस पुरत नाही. त्याची बायको बेरेट त्याच माळाने खचत जाते, कारण नजर जाईल तिथवर आडोसा म्हणून नाही. ती खिडक्यांवर कपडे टांगते. टोळधाड येते तेव्हा ती मुलांना घेऊन नॉर्वेहून आणलेल्या पेटाऱ्यात लपून बसलेली सापडते. पेर हान्सा वाईट नवरा नाही, जीव लावणारा आहे. पण हा माळ त्याचं स्वप्न आहे, तिचं कधीच नव्हतं.

विला कॅथर यांच्या, नेब्रास्कात घडणाऱ्या ‘ओ पायोनियर्स!’ (१९१३) मध्ये तर एकाच घरात दोन्ही तऱ्हा आहेत. आईने नवऱ्याला इथे आणल्याबद्दल पुरतं माफ केलेलं नाही. ती ओढ्याकाठी रानद्राक्षं नि रानटी आलुबुखार शोधत हिंडते आणि मुरंबे घालते. जुनं घर जमेल तेवढं इथे उभं करायची तिची धडपड मला फार खरी वाटते. मुलगी ॲलेक्झांड्राची गोष्ट निराळी. मरताना बाप शेताचा कारभार तिच्यावर सोपवतो. दुष्काळात शेजारी जमिनी विकून निघून जातात, तेव्हा ती घरची जमीन गहाण टाकून आणखी जमीन घेते. माती तिला कळते, कारण निर्णय तिचा असतो. तरीही पुढे भाऊ तिला सुनावतात की घरची मालमत्ता पुरुषांचीच!

कायद्याचाही यात हात होता. वसायला येणाऱ्यांना सरकारी जमीन देणाऱ्या १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांवर अविवाहित बाई किंवा विधवा स्वतःच्या नावे दावा करू शकत होती. नवऱ्यासोबत नांदणारीला सहसा ती सोय नव्हती. बेरेट आणि ॲलेक्झांड्रा यांच्यातलं अंतर मला इथे दिसतं.

एक गोष्ट मात्र खुपते. त्या भूमीकडे माणसाने बहुधा पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं, असं कॅथर ॲलेक्झांड्राबद्दल लिहितात. नेब्रास्कात पॉनी हे मूळनिवासी लोक कितीतरी पिढ्या राहत होते, आणि त्यांच्यात मका, घेवडा, भोपळा पिकवायच्या त्या बायकाच. १८७०च्या दशकात त्यांना तिथून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. ॲलेक्झांड्रा मला मनापासून आवडते, पण त्या वाक्याशी आले की दर वेळी राग येतो.