वाचकांचे प्रश्न : दातांचा दवाखाना सुरक्षित आहे हे कसे ओळखावे?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी एका लहान दवाखान्यात सासूबाईंच्या दाढेचे रूट कॅनॉल करायचे ठरले आहे. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टर बोलायला चांगले आहेत, पण मागच्या खेपेला आधीच्या रुग्णासाठी वापरलेले ड्रिल स्पिरिटच्या बोळ्याने पुसून लगेच सासूबाईंच्या तोंडात घातलेले मी पाहिले. विचारायचा धीर झाला नाही. अशा दवाखान्यांची तपासणी कोणी करते का? आपण स्वतः काय पाहावे?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुम्ही पाहिलेली गोष्ट क्षुल्लक नाही. आपले माणूस खुर्चीवर आ करून पडलेले असताना डॉक्टरांना प्रश्न विचारणे अवघड जाते, त्यामुळे तुमचा संकोचही मी समजू शकते. ज्याला आपण ड्रिल म्हणतो त्या हँडपीसच्या आत हवेवर फिरणारी बारीक चक्री असते. ती मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते आणि थांबताना तोंडातली लाळ व रक्ताचे सूक्ष्म थेंब आत ओढून घेऊ शकते. बाहेरून बोळा फिरवल्याने आतला भाग निर्जंतुक होत नाही. प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस उतरवायचा, स्वच्छ करायचा, तेल द्यायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात घालायचा, याला पर्याय नाही.

तपासणीचे म्हणाल, तर ती तुकड्यातुकड्यांत विभागलेली आहे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते, क्ष-किरण यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, आणि सुया, रक्ताळलेला कापूस यांसारख्या कचऱ्यासाठी २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. परंतु शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९चा कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे, आणि वैद्यकीय आस्थापनांविषयीचा २०१०चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इंग्लंडमध्ये २०११पासून दंतवैद्यकीय दवाखाने सरकारी गुणवत्ता आयोगाच्या कक्षेत आहेत आणि त्याचे निरीक्षक दवाखान्यात येऊन निर्जंतुकीकरणाच्या नोंदी उघडून पाहतात. आपल्याकडे एका खुर्चीच्या दवाखान्यात येऊन ऑटोक्लेव्ह खरोखर चालतो का हे नियमितपणे पाहणारे कोणी मला तरी आढळलेले नाही. म्हणून रुग्णाच्या घरच्यांनी डोळे उघडे ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते.

फरशी किती चकचकीत आहे याकडे पाहू नका. पाहायचे ते हत्यारे कशातून बाहेर येतात हे. ती एका बाजूने कागदी आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक असलेल्या बंद पाउचमधून, तुमच्या समोर फाडून काढली जावीत. पाउचवर एक लहानशी खूण असते आणि वाफेची उष्णता मिळाली की तिचा रंग बदलतो. पाउचवर छापल्याप्रमाणे तो बदललेला दिसला पाहिजे. निळ्या प्रकाशाच्या कपाटात ठेवलेली हत्यारे पाहून अनेकांना हायसे वाटते, मात्र ते कपाट निर्जंतुक केलेली हत्यारे ठेवण्यापुरतेच असते. निर्जंतुकीकरण त्यात होत नाही. हत्यारे नुसती उकळणेही पुरेसे नाही, कारण साध्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही आणि काही जिवाणूंची बीजे त्यात तग धरून राहतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने १२१ अंशांना किमान पंधरा मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान तीन मिनिटे मिळावी लागतात.

दुसरी गोष्ट बाटल्यांची. भूल देण्याच्या औषधाची ३० मिलिलिटरची बाटली अनेक रुग्णांसाठी वापरली जाते. त्यात दर वेळी नवी सुई, नवी सिरिंज गेली पाहिजे. भूल कमी पडली म्हणून रुग्णाला टोचलेली सुईच पुन्हा बाटलीत घातली, तर त्या बाटलीतून औषध घेणारा पुढचा प्रत्येक रुग्ण धोक्यात येतो. सलाइनचेही तसेच आहे. तामिळनाडूतील वाणियंबाडी येथे २०२३मध्ये मेलिओइडोसिस या माती-पाण्यातल्या जिवाणूच्या संसर्गाने मेंदूला बाधा झालेल्या दहा रुग्णांचा धागा एकाच दंत दवाखान्याशी जुळला, आणि त्यांपैकी आठ जण दगावले. संशोधकांना तेथे असे आढळले की सलाइनची बाटली हिरडीच्या शस्त्रक्रियेतील हत्याराने उघडली जात होती आणि कापसाच्या बोळ्याने सैल बंद करून पुन्हा वापरली जात होती. मधुमेह असलेल्यांना या संसर्गाचा धोका अधिक असतो. सासूबाईंना घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. अशी घटना विरळाच. पण अशी बाटली दिसली, तर तिथेच थांबून विचारायला तुम्हाला धीर यावा म्हणून लिहिते आहे.

रूट कॅनॉलपूर्वी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला का, साखरेचा ताजा अहवाल मागितला का, चालू गोळ्यांची चौकशी केली का, हेही पाहा. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावणारे डॉक्टर मला विशेष काळजीचे वाटतात, कारण त्यामुळे बारीक सुई घशात जात नाही आणि लाळ दाढेत उतरत नाही.

पुढच्या वेळी फोनवरच सांगा, ‘आईंना मधुमेह आहे, हँडपीस ऑटोक्लेव्ह केलेला हवा आहे.’ चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत. टाळाटाळ झाली तर दवाखाना बदला. गंभीर बाब असल्यास राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करता येते.

प्रश्न : मी स्वतः दंतवैद्य आहे. तालुक्याच्या ठिकाणी एकटीच दवाखाना चालवते, हाताखाली एक मदतनीस मुलगी आहे. तपासायला कोणी येत नाही, तर मी माझी तपासणी कशी करावी?
— एक दंतवैद्य, जि. लातूर

उत्तर : आधी हँडपीस मोजा. दिवसाला बारा रुग्ण आणि दोन हँडपीस असतील, आणि वाळवण्यासह एका फेरीला पाऊण तास लागत असेल, तर हिशेब जुळत नाही. गर्दीच्या संध्याकाळी मग स्पिरिटचा बोळाच पुढे येतो. खुर्ची जुनी राहिली तरी चालेल, हँडपीस आधी घ्या.

नंतर ऑटोक्लेव्हची बीजाणू चाचणी, म्हणजे चिवट जिवाणूंच्या बीजांची कुपी आत ठेवून ती बीजे मरतात का हे पाहणारी चाचणी, आठवड्यातून एकदा लावा. काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात काटा रोज बरोबर दाब दाखवत होता आणि पाउचवरच्या खुणाही बदलत होत्या. तरी एका सोमवारी चाचणीच्या कुपीतला जांभळा द्रव उबवणीनंतर पिवळा झाला, म्हणजे आतले बीजाणू जिवंत राहिले होते. दाराचे रबर एका बाजूला चिरले होते, नखाने दाबल्यावरच ती चीर दिसली. त्या दिवशीच्या सगळ्या भेटी मी रद्द केल्या आणि आदल्या आठवड्याची नोंदवही घेऊन बसले. नोंदवही नसती, तर कोणाकोणाला फोन करून रक्ततपासणी सुचवायची हेही मला कळले नसते.

दर रुग्णानंतर पाण्याची नळी वीस-तीस सेकंद वाहू द्या. दात काढताना खुर्चीचे पाणी वापरू नका, ताजे उघडलेले सलाइन वापरा आणि उरलेले फेकून द्या. तातडीच्या वेळी लागणाऱ्या ॲड्रेनलिनच्या कुपीवरची मुदत आजच पाहा.

त्या मदतनीस मुलीला हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस मिळाले आहेत का, हेही विचारा. हत्यारे धुताना सुई बहुधा तिच्याच बोटात जाते. एकही डोस झाला नसेल तर पहिला या आठवड्यात, दुसरा त्यानंतर महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी द्या. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी लस लागू पडली का हे पाहायला तिची प्रतिपिंड चाचणी करून घ्या, आणि हा खर्च तिच्या पगारातून कापू नका.