मिशन रुग्णालयात वर्षभर सेवा: जा, पण सात महिने थांबून, पीएफ न मोडता

प्रश्न थोडक्यात: वय ३३, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा). छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात ४ वर्षं ५ महिने स्टाफ नर्स. हातात २९,००० रुपये येतात, मूळ वेतन १८,०००. आई-वडील अंबड तालुक्यात, ३ एकर कोरडवाहू. घरी दरमहा ९,००० पाठवते. केनियातल्या ख्रिस्ती मिशन रुग्णालयात वर्षभर विनावेतन सेवेचं बोलावणं आलंय. राहणं-जेवण त्यांचं, बाकी खर्च माझा, अंदाजे १,६५,०००. एफडी ३,४०,०००, भिशीचे ६०,०००, पीएफ सुमारे १,७०,०००. चर्चच्या मंडळीतले लोकही काही मदत देणार आहेत. पीएफ काढून पुढच्या महिन्यात निघू का?

ताई, जरूर जा. पण पुढच्या महिन्यात नको, आणि पीएफला हात लावून तर मुळीच नको.

तुमचे १,६५,००० म्हणजे तिकीट ७५,०००, परमिट आणि नर्सिंग परवाना ३५,०००, विमा ४०,०००, लसी-औषधं १५,०००. हा फक्त जाण्याचा खर्च झाला. वर्षभर पगार नसताना घरचे ९,००० कुठून जाणार? शिवाय परत आल्यावर नोकरी त्याच आठवड्यात मिळत नाही. तीन महिने धरून चाला. म्हणजे घरी १५ महिन्यांचे १,३५,०००, तिथला हातखर्च महिना ५,००० प्रमाणे ६०,०००, परतल्यावर स्वतःचे तीन महिने ३०,०००. एकूण झाले ३,९०,०००. यावर ६०,००० अचानक परतीच्या तिकिटासाठी बाजूला हवेत. घरून फोन आला तर त्या दिवशी तिकीट मिळेल त्या भावात घ्यावं लागतं. सगळं मिळून ४,५०,०००. तुमच्याकडे एफडी आणि भिशी धरून ४,००,००० आहेत, म्हणजे ५०,००० कमी पडतात.

ही तूट पीएफमधून नाही, सात महिने थांबून भरा. महिन्याला ८,००० बाजूला टाकले तर ५६,००० होतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेवढ्यात तुमची ५ वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, हक्क पक्का होतो: १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५, म्हणजे सुमारे ५१,९००. चार वर्षं २४० दिवसांवरही हक्क लागतो असे न्यायनिर्णय आहेत, पण त्यासाठी भांडायला तुम्ही इथं असायला हव्यात. राजीनाम्याआधी एकदा बिनपगारी रजेचा लेखी अर्जही करून बघा. मंजूर झाली तर सेवा तुटत नाही आणि परतीची नोकरी हातात राहते.

पीएफ का मोडायचा नाही? पेन्शनला सभासदत्वाची १० वर्षं लागतात. आधीच्या नोकरीचा पीएफ वेगळ्या खात्यात पडून असेल तर तो याच यूएएनखाली (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) वर्ग करून घ्या, म्हणजे ती वर्षंही जोडली जातील. पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर रक्कम करपात्र ठरते आणि ५०,००० किंवा जास्त असेल तर टीडीएस कापला जातो. नोकरी सुटली तरी शिल्लक रकमेवर व्याज चालूच राहतं; २०२४-२५ ला ते ८.२५ टक्के होतं. एक मात्र जातं: पीएफसोबत मिळणारा ७ लाखांपर्यंतचा ईडीएलआय विमा. घर तुमच्यावर चालतं, म्हणून निघण्याआधी साधा टर्म विमा घ्या. रुग्णालयाचा समूह आरोग्य विमाही सुटेल. नोकरी सोडण्याआधीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्या, नाहीतर प्रतीक्षा काळ (ज्यात काही आजारांचा खर्च मिळत नाही) पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो.

तिथल्या विम्याकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्याकडचे बरेच प्रवास विमे १८० दिवसांपुढे जात नाहीत, आणि प्रवासी म्हणून घेतलेल्या पॉलिसीत वॉर्डातल्या कामामुळे झालेली इजा धरतातच असं नाही. कंपनीला लेखी विचारा: 'मी नर्स म्हणून विनावेतन काम करणार आहे, सुई टोचली तर खर्च मिळेल का? हवाई मार्गाने हलवावं लागलं तर?' सुई टोचल्यावर एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती तिथं मिळतात का आणि पैसे कोण देतं, हे रुग्णालयाकडून ईमेलवर घ्या. कावीळ-बीचं टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिकारशक्ती आहे ते, आत्ताच तपासा. ते १० च्या खाली निघालं आणि ०, १, ६ महिन्यांचा कोर्स पुन्हा घ्यावा लागला, तरी सात महिन्यांत तो बसतो. पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना भारतातच ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

तिकीट सगळ्यात शेवटी काढा. केनियाची ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवेश परवानगी, ही ९० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी असते. त्यावर वॉर्डात काम करणं, पगार नसला तरी, चालत नाही. धर्मादाय कामासाठी वेगळं परमिट असतं आणि त्याचा अर्ज बोलावणाऱ्या संस्थेने करायचा असतो. सोबत तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा परवाना. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी लागते, म्हणून तुमच्या नोंदणीचं नूतनीकरण वर्षभरात येत असेल तर आधीच उरका. अनेकजण स्वस्त मिळालं म्हणून न बदलणारं तिकीट काढून बसतात, परमिट लांबतं आणि ७५,००० पाण्यात जातात.

मंडळीतून मदत येईल तेव्हा एक लक्षात ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून आर्थिक वर्षात एकूण ५०,००० च्या वर पैसे भेट आले तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. तुमच्या उत्पन्नात नव्या करपद्धतीने कर बहुधा शून्यच येईल, पण विवरणपत्रात दाखवा. तिथं पगारच नसल्याने अनिवासी ठरता की नाही याने फारसा फरक पडत नाही.

आता घर. वडिलांचं सोसायटीचं पीककर्ज दरवर्षी नवं-जुनं (जुनं फेडून नवं घेणं) कोण करतं? तुम्ही पैसे भरून करत असाल तर गाडी नेमकी तिथंच अडेल. मुदतीत भरलं तरच व्याजसवलत मिळते. एक वर्ष चुकलं की ती सवलत जाते आणि ऐन पेरणीच्या तोंडावर नवं कर्ज अडकतं. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यातल्या किती घरांत हा धागा तुटला, ते तुम्ही पाहिलंच असेल. या रकमेसाठी तुमच्या ४,५०,००० मध्ये जागा नाही. ती वेगळी काढा. जमत नसेल तर सेवा सहा महिन्यांची करा आणि रुग्णालयाला आत्ताच तसं कळवा. सहा महिन्यांतही ते तुम्हाला नक्की घेतील का, हे विचारायला संकोच करू नका.

३,४०,००० ची एफडी एकच असेल तर मुदत संपल्यावर ५०-५० हजारांच्या तुकड्यांत करा, म्हणजे गरजेपुरती एकच मोडता येईल. ९,००० दर ५ तारखेला वडिलांच्या खात्यात आपोआप जातील अशी सूचना बँकेत लेखी द्या, सगळ्या खात्यांना वारस लावा. आणि तुमचं सिम: बँक, आधार, यूएएन सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. वर्षभराचं रिचार्ज करून, रोमिंग चालू करून ठेवा आणि नैरोबीत उतरल्याच्या पहिल्याच दिवशी एक रुपया पाठवून ओटीपी येतो का ते बघा. नाही आला तर त्या दिवशी फोन करून दुरुस्त करता येतं. तीन महिन्यांनी नंबर बंद झाला तर त्यासाठी माणूस इथंच लागतो.