लिस्टवर लिहिलंस का?

प्रिय,

तुझा मेल पहाटे 4:10 ला आला होता. आयईटीएफच्या, म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, व्हँकुव्हरच्या बैठकीचं पहिलं सत्र आपल्याकडे रात्री दहाला सुरू होतं, शेवटचं संपेपर्यंत उजाडतं. ब्रिस्बेनच्या वेळी, मार्च 2024 मध्ये, मीही पहाटे पाचला हेडफोन लावून ओट्यापाशी बसलो होतो, घरचे उठू नयेत म्हणून. तेव्हा जागरणाचं मला सांगू नकोस. बोलायच्या रांगेत तू ऑनलाइन तिसरी होतीस, चेअरने, म्हणजे सत्र चालवणाऱ्याने, रांग बंद केली, खोलीतले दोघं बोलून गेले. आता विचारतेस, कंपनीकडे विमानाच्या तिकिटाचे पैसे मागू की हा नाद सोडू?

आधी हे सांग, गटाच्या मेलिंग लिस्टवर लिहिलंस का?

नाही लिहिलंस. लिस्टचं आर्काइव्ह, म्हणजे आलेल्या मेलचा साठा, बघूनच हे पत्र लिहायला बसलोय.

अगं, आयईटीएफमध्ये सभासदत्व नाही, मतदान नाही. खोलीत हुंकार भरून कल घेतात, आपल्यासारख्यांना हात वर करायचं बटण असतं, पण तो नुसता कल. 1998 चा आरएफसी 2418 काढून वाच; आरएफसी म्हणजे त्यांचा छापून पक्का झालेला दस्तऐवज, आणि ह्यात गटांच्या कामाचे नियम आहेत. लिस्टवर ज्याची चर्चाच झाली नाही असं काही बैठकीत ठरलं, तर ते लिस्टवर पुन्हा तपासावं लागतं. म्हणजे त्या रात्रीने तुझं काही बिघडवलेलं नाही. तू गप्प बसलीस तर बिघडेल.

आमच्या वेळी बैठकीचा नुसता आवाज यायचा, तोही खरखरत. जॅबर नावाच्या चॅटच्या खोलीत ‘माइक:’ लिहून मुद्दा टाइप करायचा, मग तिथला कुणीतरी उठून तो वाचायचा. एका ड्राफ्टमधला, म्हणजे आरएफसी होण्याआधीच्या मसुद्यातला, रिट्रायचा (पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबायचा) टाइमर फार आखूड होता, आमच्या शाखांच्या लाइनींवर तो टिकणारच नव्हता. वाचणारा मध्येच अडखळला आणि चेअर पुढच्या स्लाइडवर गेला. मला असा राग आला! आठ दिवस कँटीनमध्ये भेटेल त्याला ऐकवत होतो, ‘ह्यांना आपलं ऐकायचंच नाही.’ सगळ्यांना सांगितलं, लिस्ट सोडून. ड्राफ्टचा आरएफसी झाला. छापलेल्या आरएफसीतलं अक्षर बदलत नाही. पुढे दोन वर्षं मी शाखाशाखांत जाऊन तो टाइमर हाताने वाढवत होतो.

तसं कारण होतं माझ्याकडे. आई आजारी होती, डेटा सेंटर हलवायचं चाललं होतं, आणि इंग्रजीत चार ओळी लिहायला मला अर्धा दिवस लागायचा. शिवाय मुद्दा बरोबर होता माझा. आजही आहे. आर्काइव्हमध्ये मात्र तो नाही.

खोलीबाहेर, कॉफीच्या टेबलांशी बरंच काही शिजतं, हे खरंय. म्हणून तर तू लिही. ‘मला वाटतं’ने सुरू करू नकोस. ड्राफ्टमधल्या सेक्शनचा नंबर दे, तिथलं वाक्य दे, खाली तुझं बदललेलं वाक्य दे, आणि तुझ्या नेटवर्कवरचं एक मोजमाप. बस्स. पुढच्या बैठकीआधी दोन आठवडे नवे ड्राफ्ट घेणं बंद होतं. तुझ्या विषयाचा नवा ड्राफ्ट आला की लगेच वाच आणि तेव्हाच लिस्टवर लिही, म्हणजे तुझा मुद्दा रांगेत तुझ्याआधी उभा असेल. आणि दूरवरून भाग घ्यायची फी माफ करून मिळते, त्यासाठी कंपनीच्या पाया पडू नकोस.

मेल आधी मला दाखवू नकोस. मी तीन दिवस लावेन आणि तुझे शब्द खोडेन. सरळ लिस्टवर टाक, मी तिथेच वाचेन. फक्त आधी झोप काढ. मला पाठवलेल्या मेलमध्ये सात उद्गारचिन्हं होती.