खलनायकाचा ‘वध’ होतो की ‘खून’?

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. सिनेमाच्या शेवटी नायक एका क्रूर माणसाला मारतो. परीक्षणात त्यांनी ‘खून केला’ असं लिहिलं, तर मित्र उखडला : ‘‘अबे, त्याले वध म्हणतेत. असल्या हरामखोराचा का खून होते का?’’ बरोबर कोण?

मित्राची समजूत अशी, की मरणारा दुष्ट असला की वध आणि मारणारा दुष्ट असला की खून. बोलण्यात आपण सगळेच असं करतो, पण ‘वध’ या शब्दात मुळात हा निवाडा नाही. संस्कृतात ‘हन्’ (मारणे) धातूच्या काही रूपांत त्याच्या जागी ‘वध’ येतो, असं व्याकरणकार पाणिनी सांगतो, आणि ‘हत्या’ही त्याच ‘हन्’पासून येते. म्हणजे दोन्ही एकाच घरातले. ‘खून’ फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ नुसता रक्त.

महाभारताचं द्रोणपर्व उघडा. त्यात जयद्रथवध आहे, तसाच अभिमन्युवधही आहे. एकट्या पोराला महारथींनी घेरून मारलं, तरी शब्द तोच. वालिवधाचं तर विचारूच नका. आडून बाण का मारलास, असं वाली स्वतःच रामाला विचारतो आणि रामाला उत्तर द्यावं लागतं. ‘वध’ म्हटल्यानं त्याची सुटका झालेली नाही.

मराठीत या शब्दाला पुण्यकर्माचा वास लागला तो कंस, कीचक, अफझलखान यांच्या संगतीनं. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. याच वासाचा उपयोग पुढे ३० जानेवारी १९४८च्या घटनेला ‘गांधीवध’ म्हणणाऱ्यांनी करून घेतला. समोरचा ‘हत्या’ म्हणतो, हा ‘वध’ म्हणतो. युक्तिवाद सुरू व्हायच्या आधीच निकाल लावून मोकळे! मला हा प्रकार मुळीच पटत नाही.

गंमत म्हणजे कायद्याच्या मराठीत वासबीस काही नाही. तिथे ‘सदोष मनुष्यवध’ हा गुन्हा आहे आणि ‘खून’ हा त्याचाच अधिक गंभीर प्रकार. मेलेला माणूस किती वाईट होता यावर हे ठरत नाही. मारणाऱ्याचा हेतू काय होता, त्याला काय ठाऊक होतं, एकाएकी गंभीर चिथावणी मिळाली होती का, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायचा होता का, हे पाहतात.

नागपूरकराला हा प्रश्न नुसता पडद्यावरचा वाटणार नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी इथल्या जिल्हा न्यायालयातच अक्कू यादव या गुंडाला जमावानं ठार केलं. कस्तुरबानगरच्या बायकांनी त्याचा छळ वर्षानुवर्षं सोसला होता. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्यावर पुढे सिनेमाही निघाला. त्या बायकांचा संताप मला समजतो, कोणी ‘वध’ म्हटलं तर त्याचं मनही कळतं. पण पुराव्याअभावी सुटणं म्हणजे ‘मारलं ते योग्यच’ असा कोर्टाचा दाखला नव्हे, आणि तो दाखला आपण एका शब्दानं परस्पर देऊ नये.

तेव्हा तुमच्या परीक्षणाकडे. खलनायक चाकू घेऊन कुणाच्या अंगावर धावतोय आणि नायक गोळी घालतो, तर ‘खून’ लिहू नका. तोच खलनायक खुर्चीला बांधलेला आहे, नायक निवांत बसून त्याला त्याची पापं ऐकवतो आणि मग मारतो, तर तो खूनच. टाळ्या कितीही पडोत. (हल्ली हे दुसरं दृश्यच जास्त लांबवतात, पार्श्वसंगीतासकट.) मधलं काही असेल तर ‘ठार मारतो’ लिहा आणि ते पटलं की नाही हे पुढच्या वाक्यात सांगा. ‘वध’ मी पौराणिक सिनेमासाठी राखून ठेवीन. मित्राला मात्र अभिमन्युवधाचं नक्की विचारा.